वाकडे साग

पौष सरत आला की सागाची पानं गळायला लागतात. बाकीच्या झाडांचं पान कधी गळलं ते कळतही नाही. सागाचं पान मात्र सुपाएवढं, वाळून पापडासारखं कडक झालेलं. ते फांद्यांना थटत थटत खाली येतं आणि जमिनीवर पडलं की आवाज होतो. हिंगोलीत माझ्या घरासमोर सरकारी वसाहतीच्या कुंपणाला लागून सागाची एक ओळ आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो की तो आवाज येत राहतो, आणि दरवेळी मला वाटतं, कुणीतरी चालत येऊन राहिलंय. मान वळवतो. कुणी नसतं. बायको आतून म्हणते, "चहा निवून राहिला." मी हो म्हणतो आणि तसाच बसून राहतो. पन्नास वर्षं होऊन गेली, पण पौषाच्या अखेरीपासून होळीपर्यंतचे हे दिवस मला एकदाही सुखानं काढता आले नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेविशीत होतो. आमचं घर वसमतचं. वडील मोंढ्यात हळदीची पोती वाहायचे. त्यांच्या मानेच्या सुरकुत्यांत हळद बसलेली असायची, कितीही आंघोळ केली तरी निघायची नाही. आमच्या बुद्धवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. विज्ञान शाखेची दोन वर्षं केली, तेवढ्यात वनरक्षकाची नोकरी लागली आणि कॉलेज सोडलं. खाकी कपडे अंगावर आले तेव्हा आईनं ते इतर कपड्यांत मिसळू दिले नाहीत; वेगळ्या बादलीत धुवायची, वेगळ्या दोरीवर वाळवायची.

नेमणूक मिळाली ती वारंगा फाट्यापासून आत, कळमनुरीच्या अंगाला. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि दोन तास चालायचं. मुरमाड टेकड्यांची एक रांग, तिच्या पायथ्याला पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी आणि टेकडीच्या कुशीत माझी एका खोलीची चौकी. टेकडीभर साग होता. सागवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सरळसोट, आभाळाला टेकलेलं झाड येतं. आमचा साग तसा नव्हता. कमरेत वाकलेला, दोन-तीन ठिकाणी फाटे फुटलेला, गाठाळ. खडकातून जेवढं पाणी मिळेल तेवढ्यावर तगलेला. पहिल्या दिवशी मला तर वाटलं, आपल्या नशिबी जंगलसुद्धा असलंच आलं.

त्या जंगलाची ओळख मला धुरपतामावशीनं करून दिली.

ती वाडीतलीच, चाळिशी ओलांडलेली. नवरा लवकर गेला होता. खात्याच्या रोजंदारीवर ती बरीच वर्षं होती आणि हिवाळ्यात सागाचं बी वेचणाऱ्या बायांची ती मुकादम होती. वाडीतले सगळे मला गारडसाहेब म्हणायचे. तिनं पहिल्या दिवशी "जयभीम" घातला, माझं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि मग म्हणाली, "मंग तू आमचा बापू." तेव्हापासून मी तिचा बापू.

बी वेचायचे दिवस होते. झाडाखालची पानं सारायची, मातीतून बोराएवढी फळं वेचायची, पोत्यात घालून पायानं मळायची, म्हणजे वरचं कागदासारखं टरफल निघून जातं. बाया हे काम गाणी म्हणत, एकमेकींच्या सुनांवर बोलत करायच्या. धुरपतामावशी मात्र प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या चिंधीत बांधायची. कोणती चिंधी कोणत्या झाडाची, ते तिला पाठ. झाडांना तिनं नावं ठेवली होती. एक होती उशिरी. सगळ्या टेकडीवर पांढरा फुलोरा येऊन झडला की मग ती फुलायची. एक होती हिरवी. दुष्काळाच्या साली, विहिरींच्या तळाला माती उरली होती तेव्हा, होळीपर्यंत तिनं पानं धरून ठेवली होती. बाया दुपारी तिच्याच सावलीला बसायच्या. आणि एक होती सोवळी. भादव्यात सागाला किडा लागतो, पानाचा सगळा गर खाऊन नुसती जाळी ठेवतो. सगळी टेकडी अशी चाळणी झालेली असायची आणि मधोमध हे एक झाड अंगभर धडधाकट पानं घेऊन उभं.

"सोवळी काहून म्हणता मावशी?" मी विचारलं.

"किडं शिवत न्हाईत तिला. सोवळीच की मंग." ती हसली. तिच्या बरोबरच्या बाया इतक्या हसल्या की एकीच्या हातचं पोतं सांडलं. माझ्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला, मग मीही हसलो. आमच्या वाटणीला आलेलं 'न शिवणं' तिनं असं उचलून, सोवळं करून एका झाडाच्या गळ्यात घातलं होतं.

"आणि बी काहून वेगळं बांधता? शेवटी एकाच ढिगात जातं."

शहाण्या माणसानं खुळचट काही बोलावं, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. "बापू, येका वाणाच्या भरवशावर कुणी शेत पेरतं का? ज्वारीत तुरीचं तास आसतं, कडंला आंबाडी आसते. पाऊस दगा देऊन गेला तं येक जाईल, दुसरं हाताला लागंल. झाडाचं काय येगळं आसतं व्हय?"

हे मला ठाऊक होतं. कॉलेजात मी हे शिकलो होतो. एकाच जातीच्या झाडांमध्ये आतून, रक्तातून फरक असतात. असे फरक जितके जास्त, तितकी ती जात संकटात टिकते. परीक्षेत हे उत्तर मी लिहिलं होतं, उदाहरणासकट. पण उत्तरातलं झाड डोळ्यांपुढं उभं पाहायला मला धुरपतामावशीची टेकडी लागली. त्या दिवसापासून मी तिच्यामागं झाडं बघत हिंडायला लागलो. कुणाच्या पानामागं लव जास्त, कुणाची साल जाड आणि खोल भेगांची, कुणाच्या फुटव्याचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लालभडक रंग येतो आणि कुणाचा नुसता विटकरी. खरं सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात त्या दोन महिन्यांएवढं मी काहीच शिकलो नाही.

माघात रेंजरसाहेब आले. त्यांचे गुडघे सुजलेले असायचे, तरी सगळी टेकडी ते पायांनी फिरले. मला बरोबर घेऊन, स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढं करून. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला आज हे सांगणं सोपं गेलं असतं. संध्याकाळी चौकीसमोर बसून ते म्हणाले, "हा साग नव्हे रे, झुडूप आहे. याची ना तुळई निघणार ना चौकट. वाकड्याच्या पोटी वाकडंच येणार." वरून हुकूम आला होता. टेकडी साफ करायची. तिथं नवा साग लावायचा, दूरच्या, पाऊसवाल्या जंगलातल्या निवडक सरळ झाडांच्या बियांचा. जुन्यांपैकी एकही ठेवायचं नव्हतं.

मी धीर करून सोवळीबद्दल सांगितलं. हिरवीबद्दल सांगितलं. दुष्काळात ही झाडं कशी राहिली ते सांगितलं. त्यांनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं असेल तर लिहून दे. तुझ्या सहीनं. मी वर पाठवतो. निदान तेवढी झाडं बियाण्यासाठी ठेवा असं म्हणता येईल."

मी दोन दिवस बसून तो कागद लिहिला. कोणतं झाड कुठं, त्याचा गुण काय, कुणी पाहिलंय. धुरपतामावशी शेजारी बसून सांगत होती आणि मी लिहीत होतो. तिला वाचता येत नव्हतं, तरी लिहून झाल्यावर तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "समदी आली ना बराबर? उशिरी ऱ्हायली न्हाई ना?"

साहेबांचा मुक्काम कळमनुरीला होता. मी पहाटे निघालो आणि उन्हं चढायच्या आत पोचलो. त्यांनी मला पाहिलं आणि तोंडभर हसले. "बरा आलास. आजच तुझ्या नावाची शिफारस पाठवली. मार्चअखेर कायम होशील. मी लिहिलंय, पोरगा हुशार आहे, सांगितलेलं काम निमूट करतो."

निमूट. तो शब्द त्यांनी कौतुकानं वापरला होता. मला वडिलांची मान दिसली. त्यांच्या कमरेत तेव्हा उसण भरायला लागली होती. पोतं उचलताना ते खाली बसायचे आणि उठताना दोन माणसांनी त्यांना हात द्यावा लागायचा. माझा हात खिशावर होता, कागदावर.

"काही लिहून आणलंस का?" साहेबांनी स्वतःहून विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "विचार केला. तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे."

एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. परत येताना एका ओढ्याशी मी तो कागद फाडला आणि तुकडे दगडाखाली दाबले. ओढ्याला पाणी असतं तर सोडून दिले असते.

धुरपतामावशी वाटेवर येऊन बसली होती. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. "देला का कागद?"

"दिला," मी म्हणालो.

ती उठली आणि झपाझप वाडीकडं गेली. बायांना सांगायला.

फाल्गुन लागायच्या आत खुणा करायच्या होत्या. कुऱ्हाडीनं बुंध्याची साल हातभर तासायची आणि उघड्या लाकडावर खात्याचा हातोडा मारायचा. म्हणजे ते झाड तोडायचं हे पक्कं झालं. हे काम वनरक्षकानं स्वतः करायचं असतं. चार दिवस मी हातोडा मारत होतो. सागाची साल निघाली की आतून ओलसर, चामड्यासारखा वास येतो. तो हाताला चिकटतो. सोवळीपाशी आलो तेव्हा माझ्याबरोबरचा मजूर थबकला. "हे पन?" मी साल तासली आणि हातोडा मारला. पहिला घाव नीट बसला नाही म्हणून दुसरा मारला.

मग तोडणारे आले. पंधरा दिवस टेकडीवरून पडणाऱ्या झाडांचा आवाज येत होता. वाडीतल्या बाया फांद्या ओढायच्या कामावर आल्या, कारण त्या वर्षी दुसरं काम नव्हतं. धुरपतामावशीही आली. मी वाट पाहत होतो की ती मला विचारेल. तिनं विचारलं नाही. पदर खोचून ती उशिरीच्या फांद्या ओढत होती. जेवायच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली, गाडग्यातलं पाणी माझ्यापुढं केलं आणि म्हणाली, "पी बापू. ऊन लई हाय." त्या मायेनं मी जास्तच मेलो.

तिच्या चिंध्यांतलं बी तिनं रोपवाटिकेसाठी चौकीवर आणून ठेवलं होतं. पण तिथं फक्त बाहेरून आलेलंच बी पेरायचं, असा स्पष्ट हुकूम होता. चैत्रात टेकडीवरचा पालापाचोळा जाळला तेव्हा ती गाठोडीही त्यातच टाकली. कुणी टाकली असं विचाराल, तर मीच.

झाडं मात्र मरायला तयार नव्हती. सागाचं तसंच आहे. वरून तोडला तरी मुळं जिवंत राहतात. पहिला पाऊस होऊन गेल्यावर टेकडीवरच्या एकूण एक खोडाला कोंब फुटले. तांबूस, लुसलुशीत, तळहाताएवढ्या पानांचे. नव्या रोपांना त्यांचा त्रास होतो म्हणून ते छाटायचे होते. आम्ही छाटले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, थोडे बारीक. पुन्हा छाटले. तिसऱ्या वर्षी काही खोडांना एखादंच पान आलं. चौथ्या वर्षी काही आलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, नवा साग सुरेख वाढला होता. दोरी लावून लावलेल्या ओळी, सगळी झाडं एका उंचीची, सरळ. लांबून अधिकारी बघायला यायचे. माझी पाठ थोपटली गेली. मी कायम झालो होतो, वडिलांनी पोती उचलणं सोडलं होतं. कधी कधी त्या ओळींमधून चालताना मला वाटायचं की साहेबांचंच बरोबर होतं. तसं वाटावं म्हणून मी मुद्दाम तिथून चालत जायचो.

मग एका भादव्यात किडा आला. दरवर्षी यायचा तसाच. मी टेकडीवर गेलो तेव्हा पाऊस थांबला होता, आभाळ निवळलं होतं, तरी पानांवर बारीक सरी पडल्यासारखा आवाज येत होता. अंगावर काळे कण पडायला लागले तेव्हा कळलं, वर लाखो अळ्या खात होत्या आणि त्यांची विष्ठा गळत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही झाड सुटलं नव्हतं. आठ दिवसांत टेकडीवर नुसत्या जाळ्या उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी परत तेच. त्यानंतरच्या वर्षी पावसानं ओढ दिली. आधीच खंगलेली झाडं शेंड्याकडून वाळत आली. मला वाटायचं, यातलं एखादं तरी वेगळं निघेल, एखादं तरी हट्टानं हिरवं राहील. मी ओळीत शिरून झाड अन् झाड बघत हिंडलो. सगळी एका मापानं जगली होती, तशी एका मापानं वाळत होती.

त्या दिवशी टेकडी उतरून मी सरळ धुरपतामावशीच्या घरी गेलो. ती दारात बसून तूर निवडत होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं; तिचे केस पांढरे झाले होते. मी समोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "मावशी, तो कागद मी दिला नव्हता. फाडून टाकला."

तिचा हात सुपातच राहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "मी समद्या बायाईला सांगून ठेवलं व्हतं. बापूला त्या कागदाचं कुणी इचारायचं न्हाई म्हून."

"काहून?"

"मला वाटलं, आपल्या मानसाचा कागद म्हून त्याईनं फेकला आसंल. तुझ्या तोंडावर फेकला आसंल. तुला आनखी तकलीफ काहून द्यायची?"

एवढी वर्षं ती माझा अपमान स्वतःच्या पोटात घेऊन गप्प राहिली होती. जो झालाच नव्हता तो अपमान. मी खाली मान घालून बसलो. मला वाटलं, आता ती ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता उंबऱ्यात थांबली.

"च्या घेता का साहेब?" तिनं विचारलं.

त्यानंतर ती मला कधी बापू म्हणाली नाही. माझी बदली झाली. दोन-तीनदा वाडीत गेलो तेव्हा तिनं तेवढाच मान दिला, बसायला गोधडी टाकली. ती गेल्याचं मला महिनाभर उशिरा कळलं. मातीला जाता आलं नाही, आणि वेळेत कळलं असतं तरी कुठल्या तोंडानं गेलो असतो?

टेकडीचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. वाळलेलं तोडलं, पुन्हा काहीतरी लावलं, ते गुरांनी खाल्लं. आता तिथं मुरमाची खाण आहे. ट्रक येतात, जातात.

या माघात एक मुलगी माझ्याकडं आली. झाडांवर संशोधन करते. सागाची जुनी, मूळची झाडं कुठं कुठं उरली आहेत आणि त्यांच्यात आपसात किती फरक आहे, हे ती पानांवरून प्रयोगशाळेत तपासते. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. "काका, तुमच्या काळातलं एखादं तरी झाड असेल ना?" मी नाही म्हणणार होतो. पण तिनं गाडी आणली होती, आणि मी बसलो.

दिवसभर फिरलो. खाणीच्या मागच्या बाजूला एका घळीत, जिथं कुऱ्हाड पोचायला अडचण होती, तिथं एक साग सापडला. म्हातारा, वाकडा, अर्धं खोड पोकळ. मला तो ओळखीचा वाटला नाही. धुरपतामावशीनं या घळीत मला कधी आणलं नव्हतं. खाली फळांचा सडा पडला होता. मी गुडघ्यावर बसलो आणि ओंजळीनं फळं गोळा करायला लागलो. "बघ, केवढं बी आहे! नेऊ आपण. लावू."

तिनं पिशवीतून अडकित्ता काढला. सागाचं फळ दगडासारखं असतं, सुपारीसारखंच फोडावं लागतं. आत चार कप्पे असतात. तिनं एक फोडलं, जवळ धरून पाहिलं. चारही कप्पे रिकामे. दुसरं फोडलं. रिकामं.

"एकटं झाड आहे काका," ती म्हणाली. "सागाला दुसऱ्या सागाचा पराग लागतो. स्वतःच्याच परागावर फळ धरतं, पण आत बी भरत नाही. आसपास दुसरं कुणीच उरलं नाही याला."

"अजून एक बघ," मी म्हणालो.

तिनं फोडलं. मग आणखी एक. ऊन उतरायला लागलं होतं. खाणीतले ट्रक थांबले होते आणि घळीत अडकित्त्याचा तेवढा आवाज येत होता. तिच्या बोटांना वळ उठले होते. "पुरे आता काका," ती समजुतीनं म्हणाली, "काही नाही यांत."

मी पुढचं फळ तिच्या हातात ठेवलं.